पेडलातली हवा

सोमवार, ३ मार्च
गाडीचं ब्रेक पेडल मऊ लागतंय. उशीवर पाय दिल्यासारखं. रविवारी लेक महिन्याच्या बाळाला घेऊन येतेय. स्टेशनवरून नातीला मीच आणणार, माझ्या गाडीतून. तसं लेकीला फोनवर ठणकावून सांगितलंय. संकल्प : दोष स्वतः शोधायचा. तोही तिला कळवला. मिक्सर मीच दुरुस्त केला होता. ही म्हणाली, तेव्हापासून शेजारणीचाच वापरतेय.

मंगळवार, ४ मार्च
निदान : पायाखालची चटई अडतेय. काढली, धुतली, वाळवली. पेडल तसंच. पण चटई लख्ख!

बुधवार, ५ मार्च, सकाळी ८
शोध लागला! तीनदा दाबलं की पेडल घट्ट होतं. म्हणजे बिघाड नाही, सवयीचा प्रश्न. हिनं विचारलं, समोर कुणी आडवं आलं तर त्याला काय सांगणार, थांबा हो, अजून दोनदा दाबायचंय? बायकांना तांत्रिक बोलणं रुचत नाही.

गुरुवार, ६ मार्च
मेकॅनिकला फोन केला. केवळ खात्रीसाठी. लक्षणं ऐकून म्हणाला, काका, हवा शिरलीय, काढावी लागेल, गाडी हलवू नका, मी येतो. म्हटलं, हवा काढायला माणूस कशाला? तो पुढं काही बोलत होता, मी फोन ठेवला.
दुपारभर उकिडवं बसून चारही चाकांची हवा सोडली. कंबर धरली. पेडल तसंच. थोडी हवा आत राहिली असावी.

शुक्रवार, ७ मार्च
कंबर. विश्रांती. (गाडीलाही.)

शनिवार, ८ मार्च
हिनं परस्पर मेकॅनिकला बोलावलं. चारही टायर बघून तो आधी पायरीवर बसला. मग म्हणाला, काका, हवा ब्रेकच्या नळीतली काढायची असते. मग तसं पूर्ण वाक्य बोलावं माणसानं! नळी गळतेय म्हणे. नवी सोमवारी मिळेल. सोमवारी मिळून काय लोणचं घालू?

रविवार, ९ मार्च
टॅक्सीनं आणलं. मी पुढं बसलो. दर सिग्नलला माझा उजवा पाय आपोआप खाली जायचा. ड्रायव्हर म्हणाला, आजोबा, तुमच्या बाजूला ब्रेक नाही. नात सगळा रस्ता गाढ झोपली.
लेकीला म्हटलं, ऐनवेळी गाडीनं दगा दिला गं, नाहीतर मीच आणणार होतो. ती हसली. टॅक्सी तिनंच ठरवली होती म्हणे, गेल्या सोमवारी.
सोमवारी! तेव्हा तर मी अजून गाडीला हातही लावला नव्हता.