बाईंची रिकामी कुंडी

८ जानेवारी

सगळ्यांच्या कुंड्या भरल्या, माझीच रिकामी! शाळेच्या मागच्या अंगणात वासाच्या पानांची बाग करायची. प्रत्येकाने आपल्या घरच्या स्वयंपाकातला पाला लावायचा आणि पाटीवर लिहायचं – कशात घालतात, कुणाकडून आला. कल्पना माझीच. आणि तोंडघशी पडले तीही मीच. आईच्या बटाट्याच्या रश्शात जो पाला असायचा, तो कोणता ते मला ठाऊक नाही! आई गेल्या वर्षी गेली. आता विचारायचं कुणाला?

बाबांना विचारलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पुदिना असेल."

असेल म्हणजे?

९ जानेवारी

बागेत जुंपली. माझ्या वर्गातला टिल्लू आणि चष्मेवाली, दोघांनी ओव्याचंच रोप आणलं. टिल्लू म्हणतो, आमची आजी सूपमध्ये घालते. चष्मेवाली म्हणते, हॅ, हे तर खोकल्याचं औषध! "बाई, खरं कुणाचं?" दोघांचं, म्हटलं. पटलं नाही कुणालाच.

मग टिल्लूने माझ्या कुंडीत वाकून पाहिलं. "बाई, तुमच्याकडे जेवणात काहीच घालत नाहीत का?" सगळी फिदीफिदी हसली. मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र ते डोक्यातून गेलं नाही.

११ जानेवारी

पुदिना घालून रस्सा केला. छे! जेवल्यासारखं नाही, दात घासल्यासारखं वाटलं. बाबांनी मात्र वाटी संपवली.

"हा नाही, बाबा."

"मग शेपू बघ."

ताईला फोन केला. "शेपू? आई शेपूला हात लावायची नाही गं! गवती चहा होता. शंभर टक्के." एकाच घरात, एकाच पातेल्यातलं जेवलो ना आपण? की मी कुठे दुसरीकडेच वाढले?

१२ जानेवारी

गवती चहा घालून पाहिला. रस्सा नाही, चहाच झाला.

१३ जानेवारी

आज तासभर नुसती आठवत बसले. सगळं दिसतं – पातेलं, ओटा, आईचा पदर खोचलेला. रस्सा होत आला की ती हाक मारायची, "अहो, झाकण!" मग बाबा हातातलं टाकून उठायचे आणि झाकण ठेवायचे. स्वयंपाकात त्यांचं काम एवढंच. आम्ही बहिणी त्यांना 'झाकणमंत्री' म्हणून चिडवायचो. दुसऱ्या कुणाच्या घरी असं पाहिलं नाही, पण आमच्याकडे होतं खरं. आई तेवढ्यात खिडकीशी जाऊन उभी राहायची, घाम पुसत. पण पाला टाकताना? तिचा हात आठवतच नाही! मी तिथेच तर लुडबुडत असायची.

आणखी काय काय आठवतं, नको ते. बाबांच्या सदऱ्याच्या खिशावरचे हिरवट डाग, आई चोळून चोळून धुवायची ते. दूध नासलंय का, हे ती आम्हाला हुंगायला लावायची. "नाक तयार व्हायला हवं तुमचं." झालं नाक तयार! चुकीचा पाला दहा फुटांवरून ओळखते. बरोबर कोणता ते विचारू नका.

१५ जानेवारी

आज माझाच भडका उडाला. शेपूचा रस्सा केला होता. बाबांनी वाटी बाजूला सारली. "कशाला शोधत बसतेस? ती कुंडी दुसऱ्या कुणाला तरी दे."

"आईचं काहीतरी लावायचंय मला! तिच्या हातची चव तुम्हाला आठवतच नाही का हो?"

बाबा ताटावरून उठून गेले. तोंडाला येईल ते बोलून गेले मी, फार वाईट वाटतंय. पण कळत नाही – माणसाला आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणेल ना? हे मात्र दर वेळी नवा पाला सांगतात.

१७ जानेवारी

उद्या पालक येणार बाग बघायला. मोठ्या बाई म्हणाल्या, "कुंडी भरा, नाहीतर उचला. बरं दिसत नाही ते." उचलणार. हरले.

बाबा सकाळीच न सांगता बाहेर पडले. फोन टेबलावरच! दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी उगवले, चपला चिखलाने भरलेल्या.

"कुठे होतात?"

"डेपोत."

निवृत्त होऊन किती वर्षं झाली त्यांना! आता बसच्या डेपोत काय काम? माझ्याकडे न बघता खोलीत गेले. सदऱ्याच्या खिशाला हिरवा डाग होता.

१८ जानेवारी

शाळेत पोचले तर माझ्या कुंडीत रोप! शेजारी बाबा उकिडवे बसलेले, हात मातीने माखलेले. एक पान चुरडून त्यांनी माझ्या नाकाशी धरलं. तोच वास! तिथेच रडायला लागले मी.

"नाव मलाही माहीत नाही," बाबा म्हणाले. "डेपोच्या मागच्या भिंतीशी उगवतं. तुझ्या वेळी तिला बाळंतपणात ताप आला. त्यात नाक गेलं तिचं. परत कधी कसला वास आला नाही. कुणाला कळू द्यायचं नाही, म्हणाली होती."

"मग पाला..."

"झाकण ठेवताना टाकायचो मी."

पाटीवर काय लिहू, विचारलं. "आईच्या हातचा. दुसरं काही लिहू नकोस." तसंच लिहिलं.

मग न राहवून विचारलं – तिला माहीत होतं, तुम्ही टाकता ते?

"अगं, हाक कोण मारायचं?"