बाबांच्या दोरीवरचे पक्षी

अताया, केरकेना बेटं
२८ सप्टेंबर १९८६

ती. वसीलाताई हिस,
धाकट्या दलीलाचा सलाम. वि. वि.

तू पाठवलेला ब्रश पोचला. या वेळी चित्राचाच आहे, दाढीचा नाही, म्हणजे मुन्सफ भावजींची प्रगती आहे. त्यांना माझा सलाम सांग.

इथे अंगणात पाय ठेवायला जागा उरलेली नाही. वल्ह्यांचे तुकडे, तेलाचे डबे, कुणाच्या तरी दाराची फळी, आणि आता गाडगी. स्फाक्सला राहून तू विसरली असशील म्हणून सांगते, दोरीला ओळीने बांधून समुद्राच्या तळाशी सोडतात ना, ती ऑक्टोपसची गाडगी. बिचारा घर समजून आत शिरतो आणि आपल्या ताटातल्या कुसकुसमध्ये येतो. वादळात सुटलेली कितीतरी गाडगी किनाऱ्याला लागतात. काठावर मालकाची खूण असली तर मी ते गाडगं त्याच्या दारात नेऊन ठेवते. काठ फुटून खूण गेली असली तर गावाच्या रिवाजाप्रमाणे ते कुणाचंच नाही, म्हणून माझं. अशा प्रत्येकावर एक पक्षी काढते. पाणकावळे, बगळे, रोहित, आणि परवा खजुराखाली चोच आपटत बसलेला एक हुदहुद. रंग होड्यांचा, होड्या रंगवणाऱ्यांच्या डब्यांत तळाला उरलेला. त्यामुळे माझे सगळे पक्षी निळे, पांढरे नाहीतर तांबडे आहेत. शेजारची मब्रूकामावशी विचारून गेली की एवढ्या वयाची बाई कचऱ्यावर कावळे काढत बसते, तर शाळेत मुलींना शिकवते तरी काय.

आता खरी बातमी. तुझ्या दिवाणखान्यातला मी बगळा काढलेला डबा पाहून ज्या बेयाबाईंनी माझा पत्ता घेतला होता, त्यांचं पत्र आलं. डिसेंबरात ट्यूनिसला त्यांच्या कलादालनात प्रदर्शन, फक्त माझं, फक्त या गाडग्यांचं. आणि चित्रं त्यांना पटली तर वर्षभर तिथेच राहून काम करायला खोली. ताई, मी पत्र वाचलं आणि घरात बसवेना. किनाऱ्याने चालत सुटले ती पार दीपस्तंभापर्यंत. परत आले, पुन्हा गेले. जेवणाचं विसरले.

पण बाबा. वसंतात आई गेली तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात, हे तू ईदला पाहिलंसच. आपली सगळी गाडगी, दोर, सगळं त्यांनी वाटून टाकलं. नाव हमादीकाकांना वापरायला दिली. मी ताट नेते, ते चार घास खातात आणि अल्ला तुझं भलं करो म्हणतात. एवढंच बोलणं. त्यांना असं टाकून मी कशी जाऊ? आणि गेले नाही तर मी इथे काय होईन, तेही मला दिसतं. तू त्यांना तुझ्याकडे नेशील का? लवकर कळव, माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझा लोभ आहे म्हणूनच एवढं मागायचं धाडस करते.

तुझी
दलीला


स्फाक्स
७ ऑक्टोबर १९८६

चि. दलीला हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला आणि लगेच डोकं दुखायला लागलं. तुझ्या पत्रांचं हे नेहमीचंच आहे. तुझं नाव ट्यूनिसच्या भिंतीवर लागणार हे मी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं. औषधवाल्या नूरुद्दीनलाही सांगितलं. त्याने तुझ्याबद्दल पुन्हा विचारलं. तू नाक मुरडणार हे ठाऊक आहे, पण कळवणं माझं काम.

बाबांना मी आजही नेईन. पण ते येतील का? इथे तिसऱ्या मजल्यावर त्यांना समुद्राचा वाससुद्धा येत नाही. मागे आले होते तेव्हा खिडकीशी बसून, खालून जाणाऱ्या मोटारींना कोण हाकतंय तेच विचारत राहिले होते. मला भीती वाटते की इथे आले तर ते भिंतीकडे वळतील आणि परत वळणारच नाहीत.

माझं ऐकशील तर आधी त्यांना उठव. कसं ते मला ठाऊक नाही. ऑक्टोपसचा हंगाम उघडतोय, हमादीकाकांना सांग की रोज दारात येऊन आरडाओरडा करत जा. माणूस उठला की पुढचं बोलता येतं. आणि तू वेळेवर जेवत जा. पक्षी काढताना ब्रश तोंडात धरण्याची सवय सोड, तो रंग नावेचा आहे.

माझी माया तुझ्यावर आहे, ती रागे भरल्यावरच जास्त दिसते.

तुझी
वसीलाताई


अताया
२० ऑक्टोबर १९८६

ती. वसीलाताई हिस,
सलाम. वि. वि.

बाबा उठले. आणि माझं सगळं गेलं. दोन्ही एकाच सकाळी.

मी चित्रकलेच्या तासाला रमला गावच्या शाळेत गेले होते. परत आले तर अंगण मोकळं. वल्ही आहेत, डबे आहेत, गाडगं एकही नाही. मला वाटलं चोरी झाली. मब्रूकामावशीकडे धावले, तर ती डोळे पुसत होती. म्हणाली, अगं तुझा बाप तिजानी समुद्रावर गेला, हमादीला हाक मारून घेऊन गेला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी विचारलं, गाडगी? ती म्हणाली, तीच तर घेऊन गेला.

दुपारी बाबा आले. गुडघ्यापर्यंत ओले, उन्हाने लाल झालेले. स्वतः ताट मागितलं आणि दोनदा वाढून घेतलं. मग मला जवळ बसवून म्हणाले, पोरी, तू उन्हाळाभर काय करत होतीस ते मला पडल्या पडल्या दिसत होतं. मी माझी गाडगी वाटून टाकली, आणि तू एकेक करून पुन्हा जमवलीस. खुणा गेलेली बेवारशी गाडगी आणलीस आणि त्यांच्यावर माझ्यासाठी नवी खूण काढलीस. लोक काठाला दोन चिरा पाडतात, फार तर फुली काढतात. साऱ्या बेटांवर कुणाच्या गाडग्याला अशी खूण नाही. हमादी तर हसत सुटला, म्हणाला, तुझ्या ऑक्टोपसांना आता पक्ष्यांच्या घरात राहायचंय. हे सांगताना बाबाही हसले, ताई. आईनंतर पहिल्यांदा.

मी हो म्हटलं. आत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले, आणि तेही बाबांना वाटलं की आनंदाने रडतेय.

आता ते रोज पहाटे उठतात. कॉफी स्वतः करतात आणि माझ्यासाठीही ठेवतात. मी किनाऱ्यावर जाऊन पाण्याकडे बघत उभी राहते. नावेचा रंग पाण्याला काही दिवस तरी दाद देणार नाही, पण पांढरा संपला तेव्हा मी शाळेतला साधा रंग वापरला होता. म्हणजे रोहितांची पिसं पहिल्याच दिवशी गेली असणार. बेयाबाईंना काय लिहू? सांग, ताई, मी काय करू? मला त्यांचा राग येतो आणि स्वतःचाही येतो. कशातच मन लागत नाही. ब्रश हातात घेते आणि ठेवून देते.

तुझ्या लोभाची आज फार गरज आहे.

दलीला


स्फाक्स
२७ ऑक्टोबर १९८६

चि. दलीला हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, बाई, खरंच हसले, ऑक्टोपस पक्ष्यांच्या घरात म्हणून. दुसऱ्यांदा वाचताना तुझं तोंड डोळ्यांपुढे आलं.

मी रात्री ठरवलं की तुला लिहावं, आताच्या आता सांग त्यांना. तुझी उन्हाळाभराची मेहनत आहे, तो काही खेळ नव्हता. सकाळी उठले तर वाटलं की नको, सांगू नकोस, ते पुन्हा पडले तर कोण उठवणार. मुन्सफना विचारलं. ते म्हणाले, हे प्रकरण तुम्हा बहिणींचं आहे आणि मला दुकानाला उशीर होतोय. तेव्हा माझ्याकडून तुला सल्ला मिळत नाही, हे लाज वाटूनही कळवते. एवढंच सांगते की गप्प राहिलीस तर पुढे आयुष्यभर त्यांच्या ताटात वाढताना ते मनात ठेवू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू बोलत नाहीस आणि विसरतही नाहीस.

बेयाबाईंना मात्र खरं काय ते लिही. मोठ्या शहरातल्या माणसांनाही बाप असतात.

काही झालं तरी तुझ्यावरचा लोभ ढळणार नाही, हे लिहून ठेवते.

वसीलाताई


अताया
१८ नोव्हेंबर १९८६

ती. वसीलाताई हिस,
सलाम. वि. वि.

मी सांगून टाकलं. ठरवून नाही. तसं धैर्य माझ्यात कुठलं.

बेयाबाईंचं उत्तर आलं होतं की उरली असतील तेवढी महिनाअखेर पाठवा, नाहीतर ही भिंत दुसऱ्याला द्यावी लागेल. ते खिशात घेऊन मी बाबांना म्हटलं की मलाही नावेत यायचंय. ते इतके खूश झाले की हमादीकाकांना सरकवून मला पुढे बसवलं. दोर ओढायला लागले. पहिलं गाडगं वर आलं त्यावर एक रोहित होता. होता म्हणजे त्याचे पाय होते. वर चुन्यासारखा पांढरा थर धरलेला. आतून ऑक्टोपसचा एक हात बाहेर आला आणि बाबा ओरडले, बघ, बघ, तुझ्या खुणेत सापडला!

आणि मी किंचाळले, ताई. बाबांवर. मी म्हणाले, ती खूण नाहीये! ते चित्र आहे, माझं चित्र आहे, ती सगळी ट्यूनिसला जायची होती आणि मीही त्यांच्याबरोबर जाणार होते. तुमच्यासाठी काही जमवलं नव्हतं मी. एकही नाही.

बाबा दोर हातात धरून तसेच थांबले. हमादीकाका उगाच इंजिनाशी खुडबुड करायला लागले. बाबांनी विचारलं की मग इतके दिवस बोलली का नाहीस. मी म्हटलं, कारण तुम्ही उठत होतात. तर ते म्हणाले, म्हणजे मी उठावं म्हणून तू बसून राहणार होतीस? किती वर्षं?

त्यांनी सगळा दोर ओढून घेतला, शेवटच्या गाडग्यापर्यंत. ऑक्टोपस टोपलीत टाकले आणि गाडगी माझ्या पायांशी रचली. घरी येऊन स्वतः गाठी सोडल्या. सुरीने कापू दिल्या नाहीत, ओला दोर असूनही नखांनी सोडत बसले. मी माफी मागितली तर म्हणाले, गप्प बस. मग म्हणाले, माझी काळजी करू नकोस, मला आता उठायची सवय झालीय, मी उठेनच, तू जा. माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी जातेय, ताई. बऱ्याच पक्ष्यांची नुसती चोच उरलीय, काहींचा नुसता डोळा. फेरीबोटीतून उतरले की एक रात्र तुझ्याकडे. मला बोल लाव, पण जेवायला घाल.

लोभ असू दे, मी वागते कशी ते बघू नकोस.

दलीला


ट्यूनिस
१४ डिसेंबर १९८६

ती. बाबांच्या सेवेशी,
दलीलाचा सलाम. वि. वि.

सुखरूप पोचले. बेयाबाईंनी गाडगी एकेक करून खिडकीशी नेऊन पाहिली आणि तोंडावर सांगितलं की बरीचशी वाया गेली आहेत. चार ठेवून घेतली. ती इतर दोघांच्या चित्रांबरोबर एका कोपऱ्यात मांडली आहेत. खोली मात्र देतात. म्हणाल्या, नवी काढा, घाई नाही. खोलीला खिडकी आहे आणि खाली भाजीबाजार आहे. तिथले डबे आणि खोकी मी उचलून आणते, तेव्हा इथलेही लोक हसतात.

हमादीकाकांना लिहून विचारलं की बाबा रोज समुद्रावर जातात का, तर ते उत्तरच देत नाहीत. वसीलाताई म्हणते सगळं छान आहे. ती असं म्हणते तेव्हा मला झोप येत नाही. बाबा, खरं काय ते तुम्ही स्वतः लिहा. मी पुढच्या फेरीबोटीने येऊ शकते, खोली कुठे पळून जात नाही.

तुमचा आशीर्वाद मागते आणि तुमचं पत्रही.

तुमची
दलीला


अताया
२९ डिसेंबर १९८६

चि. दलीला हिस बापाचे आशीर्वाद. वि. वि.

हात जड झालाय, अक्षर लावून घे. खरं लिहा म्हणालीस म्हणून लिहितो.

मी उठेन म्हणालो होतो. नाही उठलो. तू गेलीस आणि मी परत पडलो. मब्रूका भांडी आपटून गेली, हमादी दारात उभा राहून शिव्या देऊन गेला. वसीला दोन दिवस येऊन रडली. त्यांना मी तुला काही कळवू नका म्हणून बजावलं होतं. तू येशील हे ठाऊक होतं. तुझी आई पलीकडे असल्यासारखं मला भिंतीकडे बघवत होतं, दाराकडे बघवत नव्हतं. ती मला फार लागते, पोरी. हे मी तुला घरात कधी बोललो नाही, कागदावर बोलतो.

मग एके दिवशी हमादी येऊन म्हणाला की खलीफा कोळ्याच्या थोरल्या पोराने आपल्या जागेवर दोर टाकला. माझ्या आज्यापासून जिथे आपला दोर पडतो, तिथे. त्याला वाटलं तिजानी संपला. मी अनवाणी तसाच धक्क्यावर गेलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही, तुझी आई असती तर तिने कानांवर हात ठेवले असते. उसनी गाडगी घेतली आणि त्याच दुपारी त्याच्या दोराला खेटून माझा दोर टाकला. तेव्हापासून रोज जातो. तो माझ्या आधी पोचू नये म्हणून अंधारातच निघतो. जेवण जातं. रात्री पाठ दुखते आणि झोप लागते.

तेव्हा माझ्यासाठी येऊ नकोस. यावंसं वाटलं तर ये, आणि आलीस तर परत जा. मी तुझ्यासाठी उठलो नाही, हे ऐकून तुला हलकं वाटावं म्हणून लिहितो.

गावातली मोठी माणसं त्या पोराला समजावायला निघाली होती. मी त्यांना थांबवलं. त्याने अजून दोर काढलेला नाही. मी नमाजानंतर अल्लाकडे मागतो की त्या पोराने तो इतक्यात काढू नये.

लोभ आहे, तो काय मागून घ्यायचा.

तुझा बाप
तिजानी