लॉट ७६ची गुलाबी झाक

४ नोव्हेंबर, सोमवार

बारा सेकंद.

दुपारी पट्टा थांबला आणि टाइल्स मागे जायला लागल्या. म्हणजे जात नव्हत्या — मोटर बंद, पट्टा बंद. तरी सगळ्या संथपणे भट्टीकडे परत निघाल्या. घड्याळ लावून पाहिलं. बारा सेकंदांनी थांबल्या. मावशीला सांगितलं, तर म्हणे, "बावीस वर्षं बघतेय. तुला आज दिसलं होय रे, कॉलेज?" मावशी म्हणजे टेबल एक, टाइल्सचा रंग तपासणाऱ्या, म्हणजे छाननीच्या, सहाजणींत सगळ्यात जुनी.

कॉलेज म्हणजे मी. दोन वर्षं करून सोडलं. सोडलं कसलं! प्रॅक्टिकलला सरांच्या दिशेने स्टूल फेकलं. लागलं नाही कुणाला. माफी माग म्हणाले, मागितली नाही. आता इथे खोक्यांत टाइल्स भरतो आणि खोक्यावर शेडचा शिक्का मारतो.

पट्टा सुपरवायझरने थांबवला होता. टेबल तीनसमोर उभं राहून ओरडायला. लॉट ७६ — पांढऱ्या टाइल्स एका दवाखान्यात गेल्या, भिंतीला लागल्या, आणि आता भिंतीवर मधेमधे गुलाबी पट्टे दिसतायत. छाननी टेबल तीनची. म्हणजे तिची. "डोळे आहेत की बटणं?" सगळ्यांदेखत! तिने हातमोजे काढले, एकावर एक ठेवले, आणि गेली. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं. मग एक तर कामावर, नाहीतर कायमची बाहेर.

मी खोकं टाकून निघालोच होतो त्याच्याकडे. मावशीने मागून शर्ट धरला. "तुझ्या स्टुलाचं इथे काम नाही."

५ नोव्हेंबर, मंगळवार

टेबल तीन रिकामं. तिच्याशी आजवर बोललेली वाक्यं मोजली. अकरा. त्यांतली सात 'खोकी संपली' या विषयावर.

६ नोव्हेंबर, बुधवार

विद्यापीठातून एक संशोधक बाई आल्यात. पन्नाशीच्या, बारीक, बोलणं मोजून. माणसाचा डोळा कुठे कसा फसतो यावर त्यांचं काम. छाननीवाल्यांवर प्रयोग करू द्या म्हणून दोन वर्षं अर्ज करत होत्या. दवाखान्याच्या भिंतीमुळे मॅनेजरने आता होकार दिला. त्यांना स्टॉपवॉच धरायला आणि आकडे लिहायला माणूस हवा होता. मावशी मोठ्याने म्हणाली, "आमच्याकडे एक अर्धवट शास्त्रज्ञ आहे."

पट्ट्याचे बारा सेकंद त्यांना सांगितले. हसल्या नाहीत. "दहा वेळा मोजलेत का?" नाही. "मग मोजा." आवडल्या मला.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दहा वेळा मोजलं. सरासरी साडेअकरा. बाई म्हणतात, डोळा एका दिशेच्या गतीला सरावतो, मग ती गती थांबली की उलट बाजू वर येते. रंगाचंही तसंच. विटकरी टाइलीकडे मला एक मिनिट टक लावून बघायला लावलं, मग पांढरी समोर धरली. पांढरी हिरवट! पापणी मिटली, उघडली — हिरवटच. मग हळूहळू धुवून निघाली.

आणि मग मला एकदम उमगलं. पाठीतून मुंगी गेल्यासारखं झालं.

लॉट ७६च्या दिवशी भट्टीतून एक गाडी विटकरी, एक गाडी पांढरी अशी आलटूनपालटून येत होती. मला आठवतं, दोन्ही शिक्के हाताशी ठेवावे लागले होते. विटकरीनंतर डोळा सगळ्यात हिरवट मिसळतो. गुलाबी झाकेच्या टाइलीत हिरवट मिसळलं की काय दिसणार? शुद्ध पांढरी! तिची चूक नाहीच. कुणालाही तेच दिसलं असतं. ती खोकी मी स्वतः भरली, मलाही कुठे काय दिसलं?

बाईंना धापा टाकत सांगितलं. त्या म्हणाल्या, "शक्यता आहे. मोजू या."

८ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी भावोजींना डब्याच्या लाल झाकणाकडे मिनिटभर बघायला लावलं, मग भिंतीकडे. "हिरवं भूत!" म्हणून ओरडले. ताई स्वयंपाकघरातून — "त्याला कामधंदा नाही, तुम्हाला तरी आहे ना?" भावोजींनी ऐकलं नाही. ताईला बोलावून तिलाही बसवलं.

चौकशी पुढच्या शुक्रवारी.

११ नोव्हेंबर, सोमवार

बाईंची पद्धत अशी. टाइलीचे सात छोटे तुकडे, मागे आकडे. एक नंबर हिरवटाकडे झुकलेला, सात गुलाबीकडे, मधला चार म्हणजे अस्सल पांढरा. आधी पाच मिनिटं विटकरीकडे बघायचं. घंटा झाली की दहा सेकंदांत पांढरा तुकडा उचलायचा. तीन वेळा. बाई लाकडी आडोशामागे बसून तुकड्यांची जागा बदलत राहतात. कोण काय उचलतं ते त्यांना मुद्दाम दिसत नाही. "मला कळलं तर माझा चेहराच त्यांना उत्तर सांगेल." तुकडा उलटून आकडा मी लिहायचा, सगळं संपलं की कच्च्यावरून पक्क्या कागदावर उतरवून द्यायचा.

आज पाचजणी झाल्या. विटकरी न बघता पाचहीजणींनी चार उचलला. विटकरी बघून — सहा, सहा, सहा. मावशीने एकदा सात. मावशीला वाटतंय तिने बाजी मारली. "बावीस वर्षं उगाच नाही!"

उद्या ती.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आली. केस मागे घट्ट बांधलेले. मला म्हणाली, "तू इकडे कसा?" (बारावं वाक्य.)

आधी बाईंनी चक्री दाखवली — मोटरीवर फिरणारी तबकडी, त्यावर आत आत जाणारी काळी रेघ. अर्धा मिनिट तिकडे बघा, मग यांच्या चेहऱ्याकडे. यांच्या म्हणजे माझ्या. तिने बघितलं आणि हात तोंडावर नेला. "अगं बाई! याचं डोकं फुगतंय!" दारातून मावशी — "आधीचंच आहे ते." बाईंना ते टिपून घ्यायचं नव्हतं. ती माझ्याकडे नऊ सेकंद बघत होती. हे मी टिपून घेतलं.

मग विटकरी. पाच मिनिटं. घंटा. तिने तुकड्यांवरून नजर फिरवली, क्षणभर थांबली, एक उचलला. मी उलटला — चार.

दुसऱ्यांदा चार. तिसऱ्यांदा चार.

मी हळूच विचारलं, "तुला हिरवं दिसत नाही?"

"दिसतं की. पण ते टाइलीचं नाही, माझं आहे. तेवढं वजा करायचं." मीठ थोडं कमी घाल म्हणावं, तशी म्हणाली.

ती गेल्यावर कागदाकडे बघत बसलो. सहा छाननीवाल्या, पाच फसल्या, एक फसली नाही. आणि गुलाबी लॉट नेमका तिच्याच टेबलावरून गेला. म्हणजे तिला दिसत होतं. दिसत असून सोडला. हा कागद मॅनेजरपुढे गेला की चौकशी दोन मिनिटांत संपणार.

का सोडला असेल, हे मी तिला विचारलं नाही. कंटाळली असेल, घरचं काही असेल. मला जाणून घ्यायचं नव्हतं.

पक्क्या कागदावर उतरवताना पाचजणींचं जसंच्या तसं उतरवलं. तिच्या नावासमोर — सहा, सहा, सहा. कच्चा कागद फाडला. बारीक.

१३ नोव्हेंबर, बुधवार

पक्का कागद बाईंना दिला. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलंय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बाईंनी खुद्द मॅनेजरला विटकरीसमोर बसवलं. त्यांनी ऐटीत सहा उचलला. तुकडा उलटून दाखवल्यावर खो खो हसले. "म्हणजे मीसुद्धा घरी बसायला हवं!" सुपरवायझर सगळ्यात मोठ्याने हसला.

झालंच समजा काम. उद्या ती बाहेर येईल तेव्हा मी जिन्यात उभा असेन. काही सांगणार नाही. नुसता उभा असेन.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहायला जड जातंय. घडलं त्या क्रमाने लिहितो.

मॅनेजरची खोली. मॅनेजर, सुपरवायझर, संशोधक बाई, ती. मी कागद धरून. बाईंनी पाच मिनिटांत मांडलं — सहापैकी सहा. दोष माणसाचा नाही, कामाच्या मांडणीचा आहे. विटकरी आणि पांढरी आलटूनपालटून देऊ नका. मॅनेजर मान डोलावत होते. संपलंच होतं.

तेवढ्यात ती म्हणाली, "माझ्या नावासमोर काय आहे?"

"सहा. तिन्ही वेळा," बाई म्हणाल्या.

"मी पांढरा उचलला होता."

"तसं सगळ्यांनाच वाटलं —"

"वाटलं नाही. होता." मग मॅनेजरकडे वळून, "लॉट ७६ गुलाबी आहे हे मला दिसत होतं, साहेब. मी या सुपरवायझरना सांगितलं. हे म्हणाले, ट्रक उभा आहे, सोड. मी सोडला. तेवढी चूक माझी. पण माझा डोळा चुकला नाही."

सुपरवायझरचा चेहरा उतरला. मी बघितला. मग त्याची नजर माझ्या हातातल्या कागदावर आली आणि तो हसला. "साहेब, शास्त्र काय सांगतंय बघा. हिला गुलाबी दिसतच नाही. मग दिसलं कधी आणि मला सांगितलं कधी?"

बाई माझ्याकडे वळल्या. "कच्चा कागद कुठे आहे?"

"फाडला."

"उतरवताना काही चुकलं?"

सगळे माझ्याकडे. ती पण. हो म्हणावं तर आकडे खोटे, मी खोटा, आणि तिची वाचलेली नोकरी पुन्हा टांगलेली — असा काहीतरी हिशेब डोक्यात झाला. मी! जो स्टूल फेकतो!

"नाही," म्हणालो.

"आत्ता घ्या परत," ती म्हणाली. "इथेच. यांच्यासमोर."

मॅनेजर समजुतीच्या सुरात — "अहो, कशाला? तुमच्यावर ठपकाच नाही. सोमवारी या कामावर. फक्त छाननी नको, पॅकिंगला बसा." बाई काहीतरी बोलायला गेल्या. मॅनेजर उठलेच होते.

जिन्यात मी उभा होतो. ती दुसऱ्या जिन्याने गेली.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मावशीकडून पत्ता घेतला.

दार तिनेच उघडलं. आत ये म्हणाली नाही.

मी म्हणालो, तुझ्यासाठी केलं. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं?"

"सगळा ठपका तुझ्यावर आला असता. नोकरी गेली असती."

"ते मी बघितलं असतं. माझं उत्तर होतं माझ्याकडे. तुझा खरा आकडा असता तर सुपरवायझरला तोंड दाखवायला जागा उरली नसती. तू एकदा विचारायचंस तरी मला — तू का सोडलास लॉट? एवढंच. चार शब्द."

आतून कुणीतरी हाक मारली. तिने "आले गं आई" म्हटलं, पण हलली नाही.

मी म्हणालो, मला तू आवडतेस. काय वेळ साधली!

"ते केव्हाचं माहीत आहे मला. त्याचं आत्ता काय?" राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "सोमवारी मॅनेजरकडे जा आणि चार म्हण. चार, चार, चार. बाकी काही बोलू नकोस."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल," ती म्हणाली. आणि दार लावलं. आपटलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

सांगणार. बाईंनाही पत्र लिहिणार. ताईला सांगून टाकलं की सोमवारपासून मी बहुधा घरी. ताई म्हणाली, "आता कुणावर काय फेकलंस?"

१८ नोव्हेंबर, सोमवार

साडेनऊपासून मॅनेजरच्या खोलीबाहेर बाकावर. दार उघडं होतं. मॅनेजर एकटेच होते, पेपर वाचत. दहा वाजता सुपरवायझर येऊन शेजारी टेकला. पाठीवर हात ठेवला. "ती येत नाही म्हणाली. टेबल तीन रिकामं आहे. तुझा डोळा आता तयार झालाय. बसतोस?"

बसलो.