तीन पाणी आणि एक फडकं

३ फेब्रुवारी

पोचलो! सामान म्हणजे एक बॅग, एक पिशवी आणि ही वही. ठरलंय ते असं — महिनाभर लेकीकडे राहून बघायचं. जमलं तर कायमचं. नाही जमलं तर तिकडची माझी खोली आहेच. खोलीचे मालक भले गृहस्थ. म्हणाले, 'अठ्ठावीस तारखेपर्यंत काय ते कळवा, तोवर कुलूप तुमचंच.' किल्ली खिशात आहे. सारखी चाचपतो.

रिकामी बॅग जावईबापूंनीच जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत टाकली. 'तुम्ही नका हो बाबा तिकडे येऊ, पसारा आहे नुसता.' बरं बुवा.

येतानाच ठरवलं होतं — मूग गिळून बसायचं. हिला जाऊन दोन वर्षं झाली, बोलायची सवय तशीही मोडलीये. लेकीच्या संसारात नाक खुपसायचं नाही. दुपारभर जमलं. 'हो', 'नको', 'चालेल' एवढ्यावर भागवलं. लेक सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती.

साडेसातला जेवणं झाली. जावईबापू उठले. टबात कढत पाणी, त्यात साबण, आणि त्यात भांडी — सगळी! तेलकट कढई, चमचे, पाण्याचे पेले, सगळे एकाच आंघोळीला! चौतीस वर्षं प्रयोगशाळेत काचसामान धुतलंय मी. राहवलं नाही.

'अहो, पेला आणि कढई एका पाण्यात?'

जावई थबकले. लेक दारातून आत येत होती, तीही थबकली. मग जावई म्हणाले, 'का हो बाबा? कँटीनमध्ये रोज दोनशे माणसांची अशीच घासतो आम्ही.'

'म्हणून दोनशे माणसं घरून डबा आणत असतील!'

झालं. तासभर जुंपली. पाणी गार झालं तरी आमचं चालूच.

४ फेब्रुवारी

सकाळी लाज वाटली. पहिल्याच दिवशी जीभ सैल सोडली. पण लेक चहा देताना गालातल्या गालात हसत होती. का ते कळलं नाही.

दुपारी प्लंबर आला होता. लेकीने दारातूनच वाटेला लावला. 'नको हो आता, विचार बदलला.' तो बिचारा म्हणतोय, 'ताई, तुम्हीच घाई केलीत ना!' मी विचारलं तर म्हणे, 'नळाचं होतं काहीतरी.' नळ तर चांगला धो धो वाहतोय.

६ फेब्रुवारी

या घरात तीन पंथ आहेत, नीट लिहून ठेवतो.

जावईबापू टबवाले. सगळं बुडवा, भिजू द्या, वर एकदा चांगल्या पाण्यातून काढा, खलास.

लेक फडकंवाली. ती शाळेत भूगोल शिकवते, पण सिंकपाशी हवालदार होते. शेवटचा घास तोंडात असतानाच ताट ओढते. वाहत्या नळाखाली घासायचं, लगेच फडक्याने पुसायचं, लगेच कपाटात. 'उष्टं भांडं मला डोळ्यांसमोर दिसता कामा नये.' आणि ते फडकं! त्याच फडक्याने ओटाही पुसते की काय, देव जाणे. विचारलं तर म्हणाली, 'बाबा, ओट्याचं निळं आहे.' दोन्ही फडकी मला तरी सारखीच दिसतात.

आणि मी. आधी काच, मग चमचे, मग ताटं-वाट्या, तेलकट सगळ्यात शेवटी. तीन पाणी. पालथं घालायचं, हवेवर सुकू द्यायचं. फडकं लावायचं नाही म्हणजे नाही.

ओट्याखाली सिंकच्या शेजारी एक चौकोनी कोनाडा आहे. नवाच केलेला दिसतोय, कडा अजून कोऱ्या करकरीत. त्यात कांद्याची टोपली ठेवलीये. एवढ्या ऐसपैस जागेत एवढीशी टोपली! मी म्हटलं, इथे भांडी निथळायला छान स्टँड बसेल. 'बसेल की!' जावई म्हणाले, आणि बायकोकडे बघून खोकल्यासारखं करत बाहेर गेले.

९ फेब्रुवारी

आज रविवार. प्रात्यक्षिक दाखवलं! टबातला पेला आणि माझा पेला, दोन्ही खिडकीशी धरले. माझ्या पेल्यावरून पाणी सपाट उतरलं. त्यांच्या पेल्यावर थेंब थेंब अडकून राहिले. 'थेंब अडकला म्हणजे तेल आहे. समजलं?'

जावई डोळे बारीक करून बघत राहिले. मग म्हणाले, 'बाबा, पण मी त्यातून पाणीच पिणार आहे ना, रक्त नाही तपासणार!'

लेक हसता हसता खाली बसली. मीही हसलो. मोठ्याने. स्वतःचाच आवाज ऐकून दचकलो.

१० फेब्रुवारी

पोटातलं सांगतो, वहीलाच सांगतोय. दोघं कामावर गेली की रात्रीची त्यांची घासलेली भांडी मी कपाटातून काढतो आणि पुन्हा घासतो. तीन पाणी. सुकवतो. होती तशी परत लावतो. कुणाला पत्ता नाही! दुपार कशी जाते कळत नाही. तिकडे खोलीवर एक ताट, एक वाटी, एक पेला. नळ सोडला की संपलं. घासून झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न रोज पडायचा.

११ फेब्रुवारी

संशय आलाय. काल मी स्वतः पालथ्या घातलेल्या ताटल्या आज पहाटे पाणी प्यायला उठलो तेव्हा उताण्या होत्या, त्याही ओल्या. रात्रभर निथळून ओल्या कशा राहतील?

काचेवर लिहायची माझी मेणाची पेन्सिल पिशवीत आहे. चौतीस वर्षांची सवय, तिच्याशिवाय घराबाहेर पडत नाही. आज माझ्या वाट्याच्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला, घासून सुकल्यावर, बारीक फुली मारली. ही फुली साध्या पाण्याने जात नाही. साबण आणि घासणी लागते.

१२ फेब्रुवारी

फुल्या गेल्या! अकराच्या अकरा. कुणीही जेवायच्या आत.

म्हणजे माझी भांडी कुणीतरी परत घासतं. माझी! जिच्या हातचं काचसामान बघून साहेब लोक नव्या पोरांना सांगायचे, 'यांच्याकडून शिका' — त्या माणसाची! नाही, 'ज्याच्या' लिहायला हवं. रागाच्या भरात काय लिहितोय तेही कळेना.

मीही त्यांची घासतो, हो. पण ते वेगळं. त्यांची खरंच तेलकट असतात.

१३ फेब्रुवारी

आज सिंककडे फिरकलो नाही. जेवलो, उठलो, खोलीत आलो.

राग निवला आणि खाली भलतंच निघालं. वाईट वाटतंय. म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून घासू देतात आणि मागाहून निस्तरतात — असंच ना? मग मी इथे पाहुणाच. किल्ली उशाखाली ठेवलीये. बाहेर दोघं कुजबुजत होती. लेक म्हणत होती, 'दोन दिवस झाले, काही बोलत नाहीत रे.' एकच दिवस झालाय, पण असो.

१५ फेब्रुवारी

काय सकाळ होती!

साडेपाचला जाग आली. स्वयंपाकघरात नळाचा आवाज. म्हटलं आज चोर पकडायचाच. काल संध्याकाळी लेकीने आग्रह केला म्हणून मी भांडी घासली होती — फुल्या मारून. हळूच गेलो. जावईबापू! बनियनवर, टबात कढत पाणी, आणि माझ्या ताटल्या बुडवतायत!

'जावईबापू!'

हातातली ताटली टबात पडली. माणूस लहान पोरासारखा उभा राहिला. 'बाबा, रागावू नका. तुम्ही गार पाण्याने घासता हो. कढत पाण्यातून काढल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडत नाही. तेवीस वर्षांची खोड आहे.'

मी काही बोलणार इतक्यात मागून लेक. हातात फडकं! 'तुम्ही दोघं इथे काय करताय? ही माझी वेळ आहे!'

तर हकीकत अशी. माझी भांडी पहाटे जावई घासतात. जावयाने बुडवलेली सहा वाजता लेक परत विसळते आणि पुसून ठेवते. आणि लेकीने पुसलेली दुपारी मी घासतो — हे मला कबूल करावंच लागलं. एकेक ताटली दिवसातून चार वेळा घासली जातेय! साबणाची बाटली आठवड्यात कशी संपते याचा लेक महिनाभर... नाही, मी आल्यापासून विचार करत होती.

तिघंही ओट्याला धरून हसलो. जावयाच्या डोळ्यांतून पाणी. शेजारच्या बाईंनी भिंतीवर ठोकलं तरी थांबेना.

ही म्हणायची, 'प्रयोगशाळेत घासता तेवढं पुरे, माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही!' सबंध संसारात एक वाटी घासू दिली नाही मला. आज असती तर चौथा पंथ झाला असता. खूप आठवण आली. पण आज आठवण आली ती हसताना.

१८ फेब्रुवारी

विहीणबाई आल्या, दोन दिवसांसाठी. म्हटलं, चला, पंच मिळाला. कसलं काय! त्यांचं म्हणणं, भांडी साठूच द्यायची नाहीत, स्वयंपाक करता करता घासून टाकायची. लेक भाजी ढवळतेय तोवर तिच्या हातातला डाव घासून जागेवर. बिचारी लाटण्याने ढवळत होती!

जेवताना आमच्या तिघांचं सुरू झालं तशा म्हणाल्या, 'रोज हा तमाशा? मग एवढं हौसेने ते आणलंत कशाला—'

'आई, दूध उतू जातंय!' लेक ओरडली. विहीणबाई धावल्या. गॅसवर दूध नव्हतंच.

२२ फेब्रुवारी

तह झाला! कागदावर लिहून सिंकच्या वर चिकटवला. क्रम माझा — काच आधी, कढई शेवटी. पाणी जावयाचं, कढत. फडकं फक्त चमच्यांना, तेही पांढरं. खाली तिघांच्या सह्या. मी मेणाच्या पेन्सिलीने केली, म्हणजे वाफेने पुसायला नको.

पहिल्याच संध्याकाळी जावयाने पेल्यांबरोबर हळूच पातेलं सरकवलं. माझ्या तोंडून निघालं, 'अरे गाढवा!' जीभ चावली. जावयाला 'अरे'? आणि गाढव? पण तो इतका खूश झाला! बायकोला हाक मारून सांगितलं, 'ऐकलंस? बाबा मला गाढव म्हणाले!'

२५ फेब्रुवारी

तीन दिवस उरलेत. मला इथेच राहायचंय. लिहून टाकलं एकदाचं. मला इथेच राहायचंय.

पण विचारत कुणी नाही. एकदा म्हणाले असते, 'बाबा, राहा' — तर तिथल्या तिथे किल्ली काढून दिली असती. आपणहून कसं म्हणू? दोन खोल्यांचं घर त्यांचं. जावई रोज खोलीत माझं अंथरूण घालून स्वतः हॉलमध्ये झोपतो. हसतात, भांडतात, सगळं खरं. पण पाहुण्याशीही माणूस महिनाभर हसतोच.

२७ फेब्रुवारी

आज मुद्दाम विषय काढला. 'परवा एक तारीख.' लेक वह्या तपासत होती. म्हणाली, 'हो ना,' आणि तांबडी पेन्सिल तशीच हातात धरून बसली. जावई म्हणाला, 'बाबा, तुम्हाला जसं बरं वाटेल तसं. आम्ही जबरदस्ती नाही करणार.'

जबरदस्ती करा की जरा! हे ओठांवर आलं आणि गिळलं.

उद्या दोघं बाहेर पडली की अडगळीच्या खोलीतून बॅग काढतो. मनात असतं तर बोलली असती.

२८ फेब्रुवारी

बॅग काढायला गेलो. तिच्यामागे जुनी गादी उभी केलेली. गादीमागे भलंमोठं खोकं. भांडी घासायचं मशीन! चिकटपट्टीसुद्धा फोडलेली नाही. वर पावती — २ फेब्रुवारी, मी यायच्या आदल्या दिवसाची. तीन तारखेला मी सिंकपाशी तोंड उघडलं, चार तारखेला प्लंबर परत गेला.

गादी होती तशी लावली. बॅगही. मालकांना फोन करून सांगितलं — खोली सोडली, किल्ली पोस्टाने पाठवतो. आत्ता संध्याकाळी स्वयंपाकघरातून टबाचा आवाज येतोय. उठतो. पेले बुडवतोय गाढव.