न जाळणारी गोळी

११ एप्रिल २०२१, साइदा

नाही म्हणजे नाहीच! सात दुकानं पालथी घातली. मुनीरची कोलेस्टेरॉलची गोळी कुठेच नाही. ज्या दुकानात मी एकतीस वर्षं कपाटं पुसली, औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं जुळवत इंग्रजी वाचायला शिकले, तिथल्या मालकानेही हात वर केले — "नझीहाबाई, माझ्या आईपुरतीसुद्धा नाही, तुम्हाला कुठून देऊ?"

मुनीर माझा धाकटा भाऊ, एकसष्टचा. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या नळीत जाळी बसवलीय. गोळी थांबली आणि नळी पुन्हा तुंबली तर? लेकीला, रोलाला, अमेरिकेत फोन केला. कुणी येणारं असेल त्याच्या बॅगेतून काहीतरी धाड गं बाई.

१७ एप्रिल

रोलाची मैत्रीण येऊन गेली. ती गोळी तिथे चिठ्ठीशिवाय देत नाहीत, म्हणून रोलाने नायसिन पाठवलंय. जीवनसत्त्वच ते, पण भरपूर घेतलं की रक्तातली चरबी उतरते. पूर्वी डॉक्टर लिहून द्यायचे, मला पक्कं आठवतं. पाचशे मिलिग्रॅमची गोळी. एकीपासून सुरू करायचं, हळूहळू दिवसाला चार.

२३ एप्रिल

काय घाबरवलं आज! रोजा सोडताना मुनीरने रिकाम्या पोटी गोळी घेतली, वर कढत मसुराचं सूप. पंधरा मिनिटांत कपाळापासून छातीपर्यंत लालबुंद, अंगभर मुंग्या डसल्यासारखं. हिंद, त्याची बायको, अनवाणी माझ्या दारात. मी म्हटलं, या गोळीने रक्तवाहिन्या फुलतात, अर्ध्या तासात उतरेल. उतरलं.

पाव भाजायचा धंदा त्याचा. म्हणतो, "ताई, दिवसभर भट्टीसमोर भाजतोच आहे, आता भट्टी गिळायला लावलीस होय!"

जेवणाच्या मध्यावर घे म्हटलं. गरम काही नको.

२८ मे

आता जेवणासोबत दोन-दोन, दिवसाला चार. तरी लाली येतेच. समोरची उम्म वसीम पावाच्या रांगेतून ओरडली, "मुनीर, साठी उलटली, आता कुणाला बघून लाजतोस रे?" सगळी रांग हसली. हा नाही हसला. दुसरी म्हणाली, सकाळीसकाळी ढोसून येतो वाटतं. ते त्याला फार लागलं.

"मरेन, पण ही गोळी नको."

२ जून

रोलाकडून दुसरी आली. डबीवरच लिहिलंय — लाली येत नाही. आणि खरंच नाही आली! मुनीर खूश.

१५ जुलै

रक्त तपासलं. चरबी होती तिथेच! रोला आता सांगते, या प्रकारातलं नायसिन अंगात नीट सुटतच नाही. म्हणजे दीड महिना माझ्या भावाला खडू चारला मी.

१९ जुलै

तिसरा प्रकार. पोटात दिवसभर हळूहळू विरघळणारी. लाली जवळजवळ नाही, आणि हे खरं नायसिन. डबी उलटसुलट करून पाहिली — जीवनसत्त्व तेच, आकडाही तोच, पाचशे. पहिलीच्या चार, तर हिच्याही चार. यात काय डोकं लावायचं? हिंदला बजावलं, एकही चुकवायची नाही.

मुनीरचा संध्याकाळी फोन — "ही कशी शहाणी गोळी आहे बघ, ताई. तुझ्यासारखी बोलत बसत नाही."

९ ऑगस्ट

मुनीर जेवत नाही. मळमळतं म्हणतो. वीज नाही, फ्रीज बंद, दही आंबलेलं असणार. पुदिन्याचा काढा दिला.

२० ऑगस्ट

डोळे पिवळे. लघवी काळ्या चहासारखी. इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, थकलेल्या. विचारलं, "घरी कुठली औषधं चालू आहेत?"

हिंदने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "औषधं मिळतात कुठे, डॉक्टर?"

का म्हटलं असेन? मनात आलं, जीवनसत्त्व तर आहे, त्याला काय औषध म्हणायचं. नाही. खोटं नको लिहायला. घाबरले.

२१ ऑगस्ट

रोलाने या गोळीची माहिती शोधून फोनवर वाचून दाखवली. पहिलीच्या मापाने ही तिसरी कधी द्यायची नसते. पहिली अंग पेटवते आणि उरकते. ही दिवसभर लिव्हरवर बसून राहते, आवाज न करता. रोला रडत होती. मी नाही रडले.

मी आकडा वाचला. बाकी काही वाचलं नाही. एकतीस वर्षं!

२२ ऑगस्ट

खोलीत शिरले तर हिंद चमच्याने त्याच्या तोंडात गोळी घालत होती. तीच.

"तुम्ही बजावलं होतंत ना, ताई. इथे आल्यापासूनही एक चुकवली नाही."

हिसकावलीच तिच्या हातून. डबी घेऊन बाहेर डॉक्टरीणबाईंना गाठलं, सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "दोन दिवस मी काविळीचा विषाणू शोधत होते, आजी." मग म्हणाल्या, "घरच्यांना मी नाही सांगत. तुम्ही सांगा."

२४ ऑगस्ट

मुनीर मला ओळखत नाही. मधेच आईला हाक मारतो.

हिंदने विचारलं, डबी का नेलीत? म्हटलं, इथल्या औषधांबरोबर चालत नाही. तिने मान डोलावली. लगेच पटलं तिला. माझं सगळं तिला लगेच पटतं!

उद्या सांगेन.

२५ ऑगस्ट

नाही सांगितलं.

२७ ऑगस्ट

काल दुपारी मुनीर गेला. आज घर बायकांनी भरलेलं. हिंदने सगळ्यांदेखत माझे दोन्ही हात उचलून डोळ्यांना लावले, त्यांचं चुंबन घेतलं. म्हणाली, "या हातांनी त्याला चार महिने जास्त जगवलं."

मी हात काढून घेतले नाहीत.