तोंडी परीक्षेत विचारलं ते

मु. कोल्हापूर, ता. ९ मार्च १९०९

अब्बाजींना आणि अम्मीला सिकंदरचा लांबून सलाम.

मी खुशाल हाय. महाराजांच्या बोर्डिंगात दोन वेळ पोटभर जेवण मिळतं, काळजी करू नका. पाटलांच्या घोडीचा खूर बरा झाला का? नाल ठोकताना तुमची पाठ अजून दुखते का?

काल इंग्रजीची तोंडी परीक्षा झाली. पास झालो. परीक्षा देणाऱ्याला इंग्रजीत 'एक्झामिनी' म्हणतात. आमचे सर सांगत होते, विचारणाऱ्याचं 'एक्झामिनर' हे नाव त्या भाषेत लई जुनं. ज्याला विचारायचं त्याला आधी फक्त कोर्टात वेगळं नाव होतं, शाळेतल्या पोराला हे 'एक्झामिनी' नाव शंभरेक वर्षांमागं मिळालं.

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मला विचारलं, "वडील काय करतात?" इथं येऊन चार महिने झाले, पण असं कुणी विचारलं न्हवतं. मग मी सांगतच सुटलो की! घोड्याचा पाय तुम्ही मांडीवर कसा घेता, तेसुद्धा सांगितलं. साहेब घड्याळ बघायला लागले तरी थांबलो न्हाई. शेवटी तेच म्हणाले, "बास." बाहेर आलो, तर बोलायला कुणी न्हवतं.

गावातल्या गुंडूमास्तरांकडून तुम्ही लिहून घेता ते पत्र दर वेळी एकच असतं : आम्ही खुशाल, अभ्यास कर.

अब्बाजी, खिळा मारून झाला की तुम्ही त्या मुक्या जनावराच्या कानाशी जाऊन विचारता, "दुखलं का रं?" पुढच्या पत्रात मलाही एकदा तसं विचारा.

तुमचा,
सिकंदर