सर्वानुमते रद्द झालेलं भाषण

सर, तुम्ही गेल्याचं मला इकडे परदेशात, शॉमबर्गला, दोन महिन्यांनी कळलं. त्या दिवशीही माझी छपाईची मशीन चालूच होती, कारण एका गिऱ्हाइकाचे बॅनर द्यायचे होते. त्याला आता बरीच वर्षं झाली. तुम्ही कॉलेजात इतिहास शिकवायचात, आणि मी सकाळी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून तुमच्या तासाला मागच्या बाकावर डुलक्या काढायचो. एकदा तुम्ही मला उठवलंत. ओरडला नाहीत. "काय कंपोझिटर, तिकडे बर्लिन पडलं आणि तुम्ही झोपलात?" वर्ग हसला. मग तुम्ही तो धडा माझ्याकडे बघत पहिल्यापासून पुन्हा सांगितलात. पहिलं महायुद्ध संपलेलं आहे. एक बंडखोर पलटण हेल्मेटवर स्वस्तिक रंगवून बर्लिनमध्ये शिरते, निवडून आलेलं सरकार शहर सोडून पळतं. कचेऱ्या, रस्ते, सगळं बंडवाल्यांच्या हातात. आणि कामगार संपावर जातात. ट्राम उभ्या, दिवे बंद, नळाला पाणी नाही, वर्तमानपत्र छापायला माणूस नाही. थोड्याच दिवसांत बंडवाल्यांनी गाशा गुंडाळला. "बंदुका होत्या, पण खिळे जुळवायला कोणी नव्हतं," तुम्ही म्हणालात, आणि मी जरा ताठ बसलो. तेवढ्यात तुम्ही गार पाणी ओतलंत. पुढे त्याच संपकऱ्यांतल्या कित्येकांवर सरकारी सैन्यानेच गोळ्या झाडल्या, आणि तेरा वर्षांनी स्वस्तिकवालेच सत्तेवर आले, खरी वेळ आली, तेव्हा असा संप झालाच नाही. का नाही, असं मी विचारलं. "ते पुस्तकात नाही. शोधा," म्हणालात आणि खडू ठेवलात.

मी शोधलं नाही. धंदा शोधला. आज माझा स्वतःचा छापखाना आहे, आणि इथल्या मराठी मंडळाचा मी अध्यक्ष आहे, म्हणजे खुर्च्या मोजणारा आणि भांडणं मिटवणारा. मंडळात एक काका आहेत, फार पूर्वी इकडे आलेले हृदयाचे डॉक्टर, आता निवृत्त, ऐंशीच्या पुढचे. आवाज बसत चाललाय. त्यांना नेमकं हेच बोलायचं होतं: फॅसिस्टांचे उठाव आणि त्यांना आडवे गेलेले लोक. बर्लिनचा संप, इटलीत पार्माच्या गल्ल्यांत बाकं-गाड्या रचून काळ्या शर्टवाल्यांना अडवणारे कामगार, लंडनमधल्या गर्दीने अडवलेला फॅसिस्ट मोर्चा. "पुढच्या वर्षी आवाज राहील याची खात्री नाही," ते म्हणाले, "यंदाच बोलतो." मी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाची जाहिरात छापली. मग कमिटीतून फोन सुरू झाले.

शनिवारी दुपारी माझ्या दुकानामागच्या खोलीत सहा जण बसलो. चहा, चिवडा. "टॉपिक ग्रेट आहे हो, पण टायमिंग बघा," खजिनदार म्हणाले. "हिस्टरीच तर आहे यार." "हिस्टरी आहे म्हणूनच. कोणी फोटो काढला, ऑनलाइन टाकला, आपण इथल्या सरकारविरोधी ठरलो, तर? इथे निम्मे लोक व्हिसावर आहेत." "काकांना काय, ते सिटिझन." "त्यापेक्षा अंताक्षरी ठेवू, पोरंही येतात." आमच्याकडे मतदान नसतं, सर. मत घेतलं की माणसं वर्षभर तोंड फिरवतात, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. अध्यक्षाने विचारायचं, "सगळ्यांचं एकमत ना?" आणि जो गप्प तो होकारात धरायचा. पुणे, मुंबई आणि नागपूर एका खोलीत दहा वर्षं सुखाने नांदतायत ते याच्यावर. मी विचारलं. तोवर दोघं जण जेवणात पावभाजी ठेवावी की मिसळ यावर घसरले होते. दाराजवळ नागपूरची एक मुलगी बसली होती, कमिटीत नवीन, स्वतःच व्हिसावर. ती खाली बघत हळूच म्हणाली, "अध्यक्षकाका, मला नाही पटत हे. माझी हरकत लिहा." मी म्हणालो, "चला, तर मग सर्वानुमते." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कप गोळा करायला उठली. सोमवारी मी नवी जाहिरात छापली. भाषणाच्या जागी अंताक्षरी बरोबर बसली, ओळ हलवावीसुद्धा लागली नाही.

दोन दिवसांनी त्या डॉक्टरकाकांचा फोन. "राग नाही रे. मंडळ सांभाळायचं म्हणजे हे आलंच. एवढंच सांग, एखादा तरी होता का, बोलू द्या म्हणणारा?" आता त्या मुलीचं नाव सांगायचं म्हणजे मी ते इतिवृत्तात का घातलं नाही, हेही सांगावं लागणार. "नाही हो काका," मी म्हणालो, "सगळ्यांचंच एक मत पडलं." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं. मग ही टिपणं आवरून टाकतो."

ती जे बोलली ते मला स्पष्ट ऐकू आलं होतं, सर. त्या खोलीत बहुधा मला एकट्यालाच. हे तुम्हाला लिहिणं सोपं आहे, कारण हे कागद कुठेच जाणार नाहीत. काका इथून गाडीने पंधरा मिनिटांवर राहतात.